मंदिराच्या शिखरावर उभी असलेली मुले



राखेच्या बुधवारची राख कपाळावरून गेली असली तरी तिची आठवण अजून ताजी आहे. आज प्रायश्चित्तकाळाचा पहिला रविवार. या रविवारी दरवर्षी आपण प्रभू येशूच्या अरण्यातील मोहांचे शुभवर्तमान ऐकतो. दगडांच्या भाकरी, मंदिराचे शिखर आणि जगातील राज्ये असे ते तीन मोह. भाकरीवर आणि राज्यांवर आम्ही आजवर पुष्कळ प्रवचने दिली. पोट आणि सत्ता हे विषय प्रवचनाला सोपे जातात. संत मत्तयने दुसरा म्हणून सांगितलेला मोह मात्र आम्ही नेहमी घाईघाईने ओलांडत आलो. मंदिरावरून उडी मारायला आपल्यापैकी कोण जाणार आहे, असे वाटायचे.

आता तसे वाटत नाही. सैतान येशूला उंचावर नेतो आणि खाली उडी टाकायला सांगतो. वर असेही सांगतो की देवदूत तुला झेलतील, तुझ्या पायाला खरचटणारसुद्धा नाही. उडी मार आणि तुला काही होणार नाही, या दोन गोष्टी तो एका दमात सांगतो. आणि हे कोणाला सांगतो? जो चाळीस दिवस उपाशी आहे, ज्याच्याशी चाळीस दिवस कोणी बोललेले नाही, त्याला. भुकेल्या आणि एकाकी माणसाच्या कानाशीच हा आवाज लागतो.

सध्या दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस आहेत. घराघरांत मुले रात्री जागत आहेत. म्हणून आज आम्ही आपल्या तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींविषयी लिहीत आहोत. विषय जड आहे. जेवणाच्या टेबलावर बोलायचा नाही असा आपल्याकडे संकेत आहे. तरी आज तो मोडू या.

बाईकवर तिघे बसलेले, हेल्मेट हँडलला टांगलेले, हे चित्र आपल्या रस्त्यांवर रोजचे आहे. विरार लोकलच्या दारातून एका हाताने बाहेर लटकणारी मुले आपण पाहतो. पावसाळ्यात भरलेल्या बावखलात किंवा दगडखाणीच्या पाण्यात किती उंचावरून उडी मारली, याच्या पैजा लागतात. वाढदिवसाच्या नावाखाली पहिला पेला पंधराव्या वर्षी ओठाला लागतो. आपण याला मस्ती म्हणतो, आणि बहुतेक वेळा ती मस्तीच असते. या वयात मेंदूचा उत्साहाचा, भावनेचा भाग आधी जागा होतो आणि लगाम धरणारा, पुढचा विचार करणारा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो. घोडा तयार, लगाम अजून विणला जातो आहे. लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकारी संशोधिकेने २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना आणि मोठ्यांना गाडी चालवण्याचा व्हिडिओ गेम खेळायला दिला. काहींना एकट्याने, काहींना मित्रांच्या देखत. मित्र पाहत असताना कुमारवयीन मुलांनी सुमारे दुप्पट धोके पत्करले. मोठ्या माणसांत काही फरक पडला नाही. म्हणजे घरी शहाणा असलेला मुलगा नाक्यावर वेडेपणा करतो, तेव्हा तो घरी नाटक करत असतो असे नव्हे.

तेव्हा प्रत्येक बाईकवाल्याकडे संशयाने पाहू नका. परंतु या घोळक्यात एखादा असा असतो की त्याला जिंकायचे नसते. काही झाले तर झाले, इतकेच त्याच्या मनात असते. हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. आम्ही आधीच्या एका धर्मग्रामात असताना सतरा वर्षांचा एक मुलगा तीन महिन्यांत दोनदा बाईकवरून पडला. आम्ही वेदीवरून बोललो. नाव घेतले नाही, पण सगळ्यांना कळले. आईबापांनी आधी बाईक घेऊन द्यायची आणि मग देवमातेला मेणबत्त्या लावायच्या, असे काहीतरी आम्ही म्हणालो. लोक हसले. तो मुलगा मागच्या बाकावर होता.

तिसऱ्यांदा तो पडला तेव्हा पाय मोडला. आम्ही रुग्णालयात पवित्र ख्रिस्तशरीर घेऊन गेलो आणि खाटेजवळ उभे राहून तेच प्रवचन पुन्हा केले. तेथे एक वयस्कर नर्स सिस्टर त्याचे ड्रेसिंग करत होत्या. दंडावरची पट्टी बदलताना त्यांना शर्टाच्या बाहीखाली जुन्या, एकाखाली एक अशा सरळ खुणा दिसल्या. त्या अपघाताच्या नव्हत्या. आम्ही गेल्यावर त्यांनी दार लोटून घेतले आणि हळूच विचारले, "बाळा, तू पडलास, की तू स्वतःला पडू दिलंस?"

मुलगा बराच वेळ गप्प राहिला आणि मग रडला. बारावीला नापास झाल्यापासून वडील त्याच्याशी बोलत नव्हते. मारहाण नाही, शिव्या नाहीत, फक्त अबोला. अकरा महिने. जेवणाचे ताट पुढे येई, कॉलेजची फी भरली जाई, पण वडिलांच्या तोंडून त्याचे नाव येत नसे. आधी त्याने दंडावर स्वतःला इजा करून घ्यायला सुरुवात केली, नंतर वेगाने गाडी मारू लागला, आणि शेवटी वळणावर ब्रेक लावायचा की नाही हे तो दैवावर सोडू लागला. तीन गोष्टी दिसायला वेगळ्या, वाट एकच होती. (त्याच्या परवानगीने हे लिहीत आहोत, आणि ओळख पटू नये म्हणून थोडे बदललेही आहे. मानसोपचारतज्ज्ञांचे उपचार दहा महिने चालले. वडीलही दोनदा डॉक्टरांकडे जाऊन बसले. आज तो एका मुलीचा बाप आहे.)

सिस्टरांनी जे एका प्रश्नात पाहिले, ते आम्ही दोन प्रवचनांत पाहिले नव्हते. त्या रविवारचे लोकांचे हसणे आम्हाला अजून ऐकू येते.

मुलींची गोष्ट बहुधा वेगळ्या रूपाने समोर येते, जरी मुलगे यातून सुटलेले नाहीत. मे महिन्याच्या उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा ड्रेस, मनगटावर रुंद पट्टे, अंघोळीला लागणारा नको तितका वेळ, खोलीचे दार सतत बंद. आईच्या हे एक दिवस लक्षात येते आणि ती हादरते. पहिला प्रश्न येतो, "हे कुठून शिकलीस?" दुसरा येतो, "लोकांना कळलं तर?" आमच्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक आईने या दोन प्रश्नांपासूनच सुरुवात केली. त्यांना दोष देत नाही; आम्हीही त्यांच्या जागी असतो तर तेच केले असते.

पण ही मुले लक्ष वेधण्यासाठी असे करतात, हा समज आधी काढून टाकू या. लक्ष वेधायचे असते तर बाह्या लांब केल्या नसत्या. बहुतेक मुले सांगतात ते असे, की आत काहीतरी इतके दाटते की त्याला नाव देता येत नाही. शरीराला दुखले की थोडा वेळ आतले शांत होते. जे शब्दांत येत नाही ते कातडीवर येते. शांतता थोडाच वेळ टिकते, मग लाज वाटते, आणि ती लाज पुन्हा आत दाटते.

संत मार्कच्या शुभवर्तमानात गरसेकरांच्या प्रदेशातला एक माणूस आहे. तो रात्रंदिवस थडग्यांमध्ये आणि डोंगरांवर ओरडत फिरे आणि दगडांनी स्वतःला ठेचून घेई. आपण त्या कथेतील डुकरांचा कळप लक्षात ठेवतो, दगड विसरतो. गावाने त्याच्यावर काय उपाय केला होता? बेड्या आणि साखळ्या. त्याने त्या तोडल्या. पुष्कळदा आपला उपायही त्याच जातीचा असतो: मोबाईल काढून घ्या, दाराची कडी काढा, शपथ घाला. येशूने त्याला त्याचे नाव विचारले. आणि शेवटी तो येशूबरोबर जायची विनवणी करत असताना येशूने त्याला त्याच्या घरी, त्याच्या माणसांत पाठवले.

स्वतःला इजा करणारी प्रत्येक मुलगी किंवा मुलगा आत्महत्येकडे जातो असे मुळीच नाही. बहुतेकांना मरायचे नसते. कसेतरी जगायचे असते, म्हणूनच ती हा मार्ग धरतात. तरीही ही खूण हलकी समजू नये. पुढे आत्महत्येचा धोका कोणाला आहे हे सांगणाऱ्या सर्वांत ठळक खुणांमध्ये आधी करून घेतलेली इजा मोडते. असे का, याचे एक उत्तर थॉमस जॉइनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००५ साली पुस्तकरूपाने मांडले. त्यांचे स्वतःचे वडील आत्महत्येने गेले होते, त्यामुळे हा विषय त्यांच्यासाठी कोरडा नव्हता. ते म्हणतात, मरणाची इच्छा दोन भावनांतून जन्मते: आपण कोणाचेच नाही, आणि आपण सर्वांना ओझे आहोत. पण नुसती इच्छा पुरत नाही. मरणाचे आणि वेदनेचे भय माणसाला मागे खेचते. देवाने आपल्या देहात ठेवलेला तो राखणदारच म्हणा ना. मात्र पुन्हा पुन्हा इजा करून घेतल्याने, पुन्हा पुन्हा जिवाशी खेळल्याने हा राखणदार हळूहळू निजतो. वेदनेची सवय होते. ज्या दिवशी इच्छा तीव्र होते आणि त्याच दिवशी भय निजलेले असते, तो दिवस घातक.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ॲरिस्टॉटलचा सवयीचा सिद्धान्त पाठ केला होता. माणूस धाडसी कृत्ये करत करत धाडसी होतो, न्यायाने वागत वागत न्यायी होतो. संत थॉमस अक्वायनसनेही तो धागा पुढे नेला. परीक्षेत त्यावर चांगले गुणही मिळाले. पण सद्गुणाची सवय लागते तशी वेदनेचीही लागू शकते, हे त्या वेळी कोणी विचारले नाही आणि आम्हालाही सुचले नाही. ॲरिस्टॉटलचे आणखी एक म्हणणे इथे उपयोगी आहे: धैर्य हे भित्रेपणा आणि बेदरकारपणा यांच्या मधोमध उभे असते. ज्याला कशाचीच भीती वाटत नाही तो शूर नव्हे. आपल्या पोराला कशाचीच भीती वाटत नाही, असे वडील अभिमानाने सांगतात, तेव्हा आम्हाला आता अभिमान वाटत नाही, काळजी वाटते. येशू शिखरावरून उडी मारत नाही. देवाची परीक्षा पाहायची नसते म्हणतो आणि पायऱ्यांनी खाली येतो. (पायऱ्या शुभवर्तमानात नाहीत, त्या आमच्या.)

‘कोणाचेच नाही’ आणि ‘सर्वांना ओझे’ या दोन भावना आपल्या घरांत कशा तयार होतात, ते पाहायला लांब जायला नको. अबोला ही आपली जुनी घरगुती शिक्षा. नवराबायकोत दोन दिवस टिकणारा अबोला मूल आणि बाप यांच्यात महिनोन्‌महिने चालतो. मोठी माणसे त्यात नोकरीला जातात, वाडीत जातात, मित्रांत बसतात; मुलाला जायला दुसरे जग नसते. आणि ओझे? "तुझ्या क्लासच्या फीसाठी आम्ही काय काय केलं ते तुला माहीत नाही." "तुझ्यापायी जमिनीचा तुकडा विकला." आपण हे मुलाने जिद्दीने अभ्यास करावा म्हणून बोलतो. मूल ऐकते ते असे की मी नसतो तर तुकडा राहिला असता.

पुन्हा एक सावधगिरी. रस्त्यावर धिंगाणा घालणारे मूल निदान दिसते तरी. २०१४ साली युरोपातील दहा देश आणि इस्राएल येथील १२,३९५ शाळकरी मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १३ टक्के मुले दारू, धूम्रपान, शाळा बुडवणे अशा उघड धोक्यांची होती. पण आणखी २९ टक्के मुले अशी निघाली की ज्यांच्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. झोप कमी, खेळ नाही, तासन्‌तास पडद्यासमोर. संशोधकांनी त्यांना अदृश्य गट म्हटले. या शांत मुलांमध्ये नैराश्य आणि आत्महत्येचे विचार उघड धोक्याच्या मुलांइतकेच, जवळजवळ तितक्याच प्रमाणात आढळले. आपण म्हणतो, आमचा मुलगा कुठे जात नाही, घरातच असतो. पवित्र मारिया आणि योसेफ यांनीही येशू सोबतच्या मंडळींत असेल असे धरून एक दिवसाची वाट चालली होती. तो बरोबर नाही हे कळल्यावर ते तीन दिवस शोधत होते. आपला मुलगा भिंतीपलीकडच्या खोलीत असतो म्हणून आपण शोधायला निघत नाही.

आकडे सांगायचे नव्हते, पण एक सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा, २२,७४६.

ज्या घरात असे घडले आहे, त्या घरातील कोणी आज हे पत्रक वाचत असेल. तुम्हाला आधी सांगायला हवे होते ते आता सांगतो. ज्याने जीव दिला त्याला चर्चचे दफन नाही, असा नियम १९१७ च्या धर्मविधिसंहितेत होता, आणि आपल्या आजी-आजोबांनी तो कुंपणाबाहेर पुरलेल्या माणसांच्या रूपाने पाहिला. १९८३ च्या संहितेत तो नियम ठेवलेला नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात सांगितले आहे की जीवन देवाचे आहे, ते संपवण्याचा अधिकार आपला नाही. त्याच जागी हेही सांगितले आहे की गंभीर मानसिक विकार, तीव्र यातना किंवा भय यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, अशा माणसांच्या तारणाविषयी आपण आशा सोडू नये, आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करते. तुमच्या मुलाच्या नावाने मिस्सा मागायला संकोच करू नका. वाडीत कोणी अजून जुने बोलत असेल तर त्याला आमच्याकडे पाठवा.

प्रायश्चित्तकाळ आहे म्हणून आणखी एक गोष्ट. एका मुलीने आम्हाला विचारले होते, "फादर, संतसुद्धा शरीराला कष्ट देत होते ना? मग मी केलं तर काय चुकलं?" प्रश्न प्रामाणिक होता. ज्याला स्वतःची घृणा वाटते तो जेव्हा शरीराला शिक्षा देतो, तेव्हा ते प्रायश्चित्त होत नाही. प्रायश्चित्त देवाच्या प्रेमाकडे वळण्यासाठी असते. उपवासाचा नियम अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर लागू होतो, मांसत्याग चौदाव्या वर्षापासून. तेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींनी ताटे परत करू नयेत. आणि ज्या मुलीचे जेवण मुळातच तुटले आहे, तिने या चाळीस दिवसांत पोटभर जेवावे, हेच आम्ही तिला प्रायश्चित्त म्हणून सांगू. एलिया संदेष्टा रतामाच्या झुडुपाखाली मरण मागत निजला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. दूत आला, भाकर आणि पाणी ठेवले, त्याला पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खायला उठवले. बोलणे नंतर झाले.

मग करायचे काय? पहिली गोष्ट म्हणजे विचारा. थेट विचारा. "तुला कधी मरून जावंसं वाटतं का?" हे शब्द तोंडातून काढायला आपण घाबरतो, विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येईल असे वाटते. अनेक अभ्यासांत तसे दिसलेले नाही. उलट कोणीतरी विचारले म्हणून मुलांना हलके वाटते. विचारल्यावर उत्तर ऐकायला थांबा. रागावू नका, रडून त्याच्यावर आपले ओझे टाकू नका, शपथा घालू नका, आणि "देवावर विश्वास ठेव, सगळं ठीक होईल" असे म्हणून विषय मिटवू नका. हे शेवटचे आम्ही धर्मगुरूच सर्वांत जास्त करतो.

दुसरी गोष्ट मुलांसाठी. तुमचा मित्र किंवा मैत्रीण असे काही सांगते आणि वर म्हणते, कोणाला सांगायचे नाही. तुम्ही वचन देता. ते वचन मोडा. हेरोद राजाने पाहुण्यांच्या देखत दिलेले वचन लाजेखातर पाळले आणि त्यापायी योहान बाप्तिस्ताचा जीव गेला. मैत्री तुटली तर पुन्हा जुळेल. आई, वर्गशिक्षक, धर्मशिक्षणाच्या बाई, कोणीही एक मोठे माणूस गाठा.

तिसरी गोष्ट वाडीवाल्यांसाठी. आपल्या कितीतरी घरांत फुलझाडांवर, भाजीवर मारायची औषधे पडवीत उघडी ठेवलेली असतात. ती कुलपात ठेवा. घरातील जास्तीच्या गोळ्याही. या वयातील टोकाचा क्षण पुष्कळदा थोड्याच वेळाचा असतो. तेवढा वेळ हाताशी काही नसले तर जीव वाचतो. श्रीलंकेत १९९५ पासून टप्प्याटप्प्याने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आली आणि पुढील दोन दशकांत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले. तेथील माणसांची दुःखे काही तेवढी कमी झाली नव्हती.

आणि डॉक्टर. मोडलेल्या पायासाठी आपण नोव्हेना करतो आणि प्लास्टरही घालतो. मनासाठी नोव्हेना करून थांबतो. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे विश्वास कमी पडणे नव्हे. पोलीस केस होईल या भीतीने मुलाला रुग्णालयात न्यायला उशीर करणारी घरे आम्ही पाहिली आहेत. नोंद होईल, कदाचित चौकशीही होईल. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा व्यक्तीला तीव्र ताणाखाली असलेली मानले आहे आणि उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचे जुने ३०९ कलमही राहिले नाही. रात्री-अपरात्री बोलायला कोणी हवे असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही. हा क्रमांक फ्रिजवर चिकटवा. लहान मुलांसाठी १०९८ आहे. जीव धोक्यात असेल तर मात्र फोनवर बसू नका, मुलाला एकटे न सोडता सरळ जवळच्या रुग्णालयात न्या.

पापनिवेदनात सांगितलेले आम्ही कोणालाही सांगू शकत नाही, हे मुलांना माहीत आहे आणि म्हणून काही जण तेथेच सांगतात. सांगा. पण त्यानंतर आम्ही तुम्हाला विनवू की हेच बाहेर, ऑफिसात येऊन पुन्हा सांगा, म्हणजे आम्हाला तुमच्याबरोबर डॉक्टरांकडे येता येईल.

प्रेषितांच्या कृत्यांमध्ये फिलिप्पैच्या तुरुंगाची गोष्ट आहे. मध्यरात्री भूकंप होतो, दारे उघडतात, कैदी पळाले असे समजून तुरुंगाधिकारी स्वतःवर तलवार उपसतो. आतून पौल मोठ्याने ओरडतो, की स्वतःला काही करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत. पौलाने त्या क्षणी त्याला पापाची व्याख्या सांगितली नाही. अंधारात ज्याचा चेहराही दिसत नव्हता त्याला त्याने एवढेच कळवले की कोणी गेलेले नाही. घरातील अबोला सोडायचा असेल आणि सुरुवात कशी करावी हे सुचत नसेल, तर आम्हाला याहून चांगले वाक्य माहीत नाही.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर शाळेच्या सभागृहात पालकांची सभा ठेवली आहे. एक मानसोपचारतज्ज्ञ येणार आहेत. प्रश्न चिठ्ठीवर नाव न लिहिता देता येतील. पेटी आजपासून पवित्र पाण्याच्या कुंडाजवळ ठेवली आहे. दहावी-बारावीच्या मुलांनी अभ्यास सोडून यायची गरज नाही. त्यांच्यासाठी आणि युवक संघटनेसाठी परीक्षा संपल्यावर वेगळे वर्ग घेणार आहोत. याचे एक कारण आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, युरोपातील दहा देशांच्या १६८ शाळांतील एका मोठ्या प्रयोगात, मुलांनाच मनाचे आरोग्य, ताण आणि एकमेकांना मदत करणे हे वर्गात बोलून, भूमिका करून शिकवले गेले. वर्षभराने त्या शाळांत आत्महत्येचे नवे प्रयत्न दुसऱ्या शाळांच्या सुमारे निम्म्यावर होते. आपल्याकडे वर्ग कसे घ्यायचे ते तज्ज्ञांशी बोलून ठरवू. ज्या तरुणांना मदत करायची आहे त्यांनी ऑफिसात नावे द्यावीत. वडिलांनी सभेला यावे अशी खास विनंती आहे. अशा सभांना सहसा फक्त आयाच येतात.

प्रभूसेवेत आपले,
प्रमुख धर्मगुरू